हिरव्या वासाचे आतोबा

झाडाचं बोलणं माणसापेक्षा नीट ऐकणारा माणूस अख्ख्या वसई तालुक्यात एकच, आणि तो आमच्या आत्याचा नवरा. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत आतोबांनी उभी नोकरी झाडातल्या दोन विकरांपायी, म्हणजे एन्झाइम्सपायी, घालवली. पान फाटलं की त्यातल्या चरबीला प्राणवायू चिकटतो. त्यातून एक विकर ताज्या गवताचा तो हिरवा वास काढतं, तर दुसरं झाडभर धोक्याची वर्दी देणारं रसायन घडवायला घेतं. आतोबा या दोघांविषयी जावयांसारखं बोलतात: पहिला उतावळा, दुसरा धोरणी. नंदाखाल गावच्या आमच्या वाडीत चुलतबहिणीच्या केळवणाला पंगत बसली, तेव्हा केळीचं पान नाकाशी नेऊन ते कळवळले, "अजून हाका मारतंय बिचारं!" पाहुण्यांचे हात वरणभातातच थांबले. आत्या करवादली, "अहो, माणसांना जेवू द्या!"

पण मी त्यांना हसणं कधीच सोडलंय. एका तापात मला वास येईनासा झाला आणि दोनच महिन्यांनी आम्हाला मुलगी झाली. जो तो तिची टाळू हुंगून खुलायचा. मी हुंगली की भिंत हुंगल्यासारखं. सोनचाफ्याची वाडी करणाऱ्याने हे कुणाला सांगावं? आतोबांना सांगितलं. दुसऱ्या सकाळी ते गवत, जाईची फुलं आणि लिंबाची पानं घेऊन दारात हजर. "डोळे मीट. नाकाला आठवण करून द्यायची, बस." मग रोज तेच. पावसात छत्री धरून आले, गुडघा सुजला तेव्हा रिक्षाने आले. पानं चुरडायची आणि विचारायचं, "काय येतंय?" मी म्हणायचो, काही नाही. ते म्हणायचे, "उद्या बघू." पाच महिने हा माणूस एकदाही कंटाळला नाही. त्यांचे उपकार मी कशाने फेडणार?

एका सकाळी त्यांनी गवत चुरडलं आणि मला तो हिरवा वास आला. मी ओरडतच घरात धावलो, लेकीला उचललं, टाळूला नाक लावलं आणि ढसाढसा रडलो. आतोबा आत्याबरोबर दारात उभे होते.

"कसा येतो रे?"

"तुम्हीच बघा ना," म्हणत मी लेक पुढे केली. ते नुसते बघत राहिले.

आत्या हळूच म्हणाली, "त्यांचं नाक प्रयोगशाळेतच गेलं, कितीतरी वर्षं वासच येत नाही त्यांना. तू सांग त्यांना."

मी त्यांना ओटीवर बसवलं. "दूध आहे," मी म्हटलं, "खोबरेल आहे, आणि उन्हात वाळलेल्या दुपट्यासारखं काहीतरी." पुढे मला शब्द सापडेनात. आतोबांनी डोळे मिटले होते.

"सावकाश," ते म्हणाले. "एकेक सांग."