खो घालत नाहीत, देतात

सुमन टीचरवर अन्याय झाला तो गेल्या महाराष्ट्र दिनी, संध्याकाळी, काचीगुड्यातल्या आपल्या मराठी मंडळाच्या सभागृहात, दीपप्रज्वलन आटोपून सत्कार सुरू व्हायच्या आधी. करणारे कुणी परके नव्हते. आपणच होतो. गेल्या महिन्यात टीचर गेल्याचा फोन आला, तेव्हा मला आधी रडू आलं नाही. ती संध्याकाळ आठवली आणि लाज वाटली... अजून वाटते.

नांदेडकडच्या शेतकरी घरातली ही मुलगी शिकायला हैदराबादेत आली आणि कॉलेजच्या खो-खो संघाची कर्णधार झाली. पुढे मराठी शाळेत शिक्षिका. ती शाळा बंद पडल्यावर सरकारी शाळेत खेळ शिकवू लागली. रविवारची सकाळ मात्र मंडळाच्या मागच्या अंगणातली. तिथे टीचरनी दोन खांब रोवून घेतले आणि तेलुगू, उर्दू, मराठी बोलणाऱ्या आम्हा मुलींना एका ओळीत बसवलं. मुली मिळवायला त्या घरोघर, दुकानोदुकानी जायच्या. बेगम बाजारात ताहेराच्या अब्बांचं मिरचीचं दुकान. ते नाही म्हणाले, तर टीचर तिथेच पोत्यावर बसल्या. "अजी, छोरी दौड़ी तो तुमारी मिर्ची उड़ जाती क्या?" अब्बा हसले, आणि हरले. ताहेरा आज शाळेत खेळाची शिक्षिका आहे.

टीचरचा एक नियम फार कडक होता. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. देणारीनं पाठीला हात लावायचा आणि मोठ्यानं 'खो' म्हणायचं. "पाठीवर हात न ठेवता कुणाला उठवायचं नक्को. फाऊल आहे ते."

तर त्या संध्याकाळी टीचर सत्कारासाठी मंचावर बसल्या होत्या. शेजारणीशी बोलत होत्या, 'हौ', 'नक्को', 'परेशान' असे इथले दखनी शब्द घालून, नेहमीसारखं. आयटीतली नोकरी घेऊन पुण्याहून आलेले आपले सचिव वाकून म्हणाले, "टीचर, कार्यक्रम लाइव्ह जातोय. जरा शुद्ध मराठी लागतं. तुमचं नंतर बघू. खाली बसता का?" पुढच्या दोन रांगांना ते ऐकू गेलं. कुणी हूं की चूं केलं नाही. त्या रांगांत मीही होते; एरवी अन्यायाविरुद्ध चौकाचौकात पत्रकं वाटत ओरडणारी मी. टीचर उठल्या, माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि कानात म्हणाल्या, "खो न देताच उठवलं की गं मला!" आणि हसल्या. 'नंतर' कधी आलंच नाही.

मग अंगणात पार्किंग करायचं ठरलं. टीचर बैठकीत विरोधाला उभ्या राहिल्या, तेव्हा सचिव म्हणाले, "टीचर, चांगल्या कामात खो घालू नका."

"खो घालत नसतात, साहेब. खो देतात. दुसऱ्याला पळता यावं म्हणून." टीचर एवढंच बोलल्या. ठराव मंजूर झाला, एक खांब उपटला गेला, आणि मुलींचा खेळ थांबला. शोकसभेत त्याच सचिवांनी टीचरच्या 'अस्सल हैदराबादी मराठी'चं भरभरून कौतुक केलं. आपण मान डोलावली आणि बाहेर येऊन आपापल्या गाड्या अंगणातून काढल्या. किती सभ्य माणसं आहोत आपण!

दुसरा खांब अजून उभा आहे. कमरेच्या उंचीला आमच्या तळहातांनी गुळगुळीत झालेला. आता त्याला बंपर घासतात.

वाचकहो, तुम्ही मंडळाचे सभासद आहात. तो ठराव तुमच्या हातांनी झाला. ताहेरा पुन्हा शिकवायला यायला तयार आहे. येत्या रविवारी सकाळी आम्ही त्या खांबापासून ओळीत बसणार आहोत, जागा असली तरी, नसली तरी. श्रद्धांजलीचे मेसेज पुरे झाले. हा तुमच्या पाठीवर हात ठेवला, आणि मोठ्यानं म्हणते आहे: खो! उठा, गाडी काढा.