जाळीतले रानडुकराचे केस

तेहतीस वर्षांच्या नोकरीत एक सोडला तर माझ्या हातचा एकबी पंचनामा कोर्टात फुटला न्हाय. फुटंल कसा, निम्मे म्या जागेवर न जाता चहाच्या हाटेलात बसून लिहिले, आन समोरचा वकीलबी कधी जागेवर गेला न्हाय. तो एक मातर अजून डोळ्यापुढनं हालत न्हाय. तोच सांगतो. नाव कुणाचं घेत न्हाय. माझंबी घेणार न्हाय, पण ह्यातला सगळ्यांत मोठा गाढव मीच, एवढी वळख पुरे.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका ठाण्यात सहायक फौजदार व्हतो. दहावीला दोनदा आपटलेला माणूस. शिपाई म्हणून लागलो आन नुसता जुना झालो म्हणून वर चढलो. रिटायर व्हायला पाच म्हैने ऱ्हायले व्हते आन डोक्यात एकच खूळ, मोठी गाडी घ्यायची. उंच, काळी, टपावर काच उघडणारी. पेपरातल्या जाहिराती कापून पाकिटात ठिवायचो. ही घेतली तर डिकी मोठी, ती घेतली तर तेल कमी पिते, तिसरीला सात सीटा. बायको म्हणायची, "आपण दोघं. बाकीच्या पाच सीटांवर काय कांदे बसवायचे?"

आमच्या हद्दीत एक प्लॉटिंगवाला व्हता. त्याच्याकडं अशीच काळी गाडी, वर्षाचीबी न्हवती. मला एकदा त्यानं पुढच्या सीटवर बसवून गावातनं फिरवलं. काच खाली करून मी वळखीच्या माणसांना हात करत व्हतो, कुणी बघंना म्हणून त्याच्या ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला लावला.

हिवाळ्यातला दिवस. सकाळी साडेनवाला त्याचा फोन.

"जमादार, पहाटं रानडुक्कर आडवं आलं. गाडीचं तोंड फुटलंय. इन्शुरन्सवाले पोलिसाचा पंचनामा मागतेत. हाटेलावर या, च्या घिऊ."

मोटारसायकल काढून गेलो. हाटेलाम्होरं गाडी उभी. बंपर फुटलेला, एक लाईट गेलेली, बॉनेट दुमडलेलं. पण गाडी सोच्छ धुतलेली. आपल्या मानापायी धुऊन आणली असं वाटलं मला. तेहतीस वर्षांचा पोलीस, आन ठोकर झालेली गाडी धुतलेली बघून खूश झालो.

वाकून बघितलं. बंपरच्या मागं जाळीत काळे राठ केस गुतलेले.

"डुक्कर कुठाय?"

"पळालं ज्वारीत."

"जागा कुठली?"

"वड्याच्या मोरीपाशी. हितनं चार किलोमीटर."

"जाऊन बघावं लागंल," म्या म्हणलं. म्हणायच्या आधीच खुर्ची वढून बसलो व्हतो.

"कशाला थंडीचं. आन एक सांगू? क्लेम पास झाला, गाडी नीट झाली, की मी दुसरी घेणार हाय. ही तुमालाच. घरातल्या भावात."

मंग काय. पंच म्हणून हाटेलवाला आन कायम तिथंच पेपर वाचत बसणारा एक म्हातारा. ते आमचे ठरलेले पंच, कुठल्याबी जागेचे. म्या लिहिलं, 'समक्ष जागेवर जाऊन पाहणी केली असता बंपरच्या पाठीमागील जाळीत रानडुकराचे काळे राठ केस अडकलेले दिसून आले.' अक्षर चांगलं आलं त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्यात एक बाई आली. परंड्याकडची मेंढपाळ. मेंढरं घिऊन चरायला हिकडं आलेली, माळावर तळ व्हता. म्हणली, मालक काल पहाटं पुढच्या गावाला गेले, मेंढरं कुणाच्या रानात बसवायची ते ठरवायला. शेतकऱ्याला खत मिळतं, ह्यांना दाणे मिळतेत, त्याची बोलणी करायला घरधनी पुढं जातो. रातच्याला येतो म्हणले, आले न्हाईत.

"आंगावर काय व्हतं?" म्या विचारलं.

"धोतर, आन काळं घोंगडं."

लिहून घेतलं. मिसिंगचं रजिस्टर टेबलावर, आन त्याच्याच खाली माझ्या पंचनाम्याची नक्कल. दोन कागदांत एका पानाचं अंतर न्हवतं. माझ्या डोक्यात काय सुदीक वाजलं न्हाय. वर तिला म्हणलं, "बाई, बोलणी लांबली असतील. येतेल."

ती म्हणली, "मेंढरं सोडून ते एक रात ऱ्हात न्हाईत."

"आता ऱ्हायले," म्या म्हणलं.

चौथ्या दिवशी मी मुरुमच्या रस्त्याला एका गॅरेजात गेलो. तपासाला न्हाय. माझी व्हणारी गाडी कशी दुरुस्त व्हतीय, ते बघायला. मिस्त्री म्हातारा, त्याला सगळे चाचा म्हणायचे. त्याला दोन-चार प्रश्न असे टाकले की जसं काय मला इंजनातलं लई कळतं.

"चाचा, रेडिएटर अस्सल टाकताय ना? आन चासी तर वाकली न्हाय?"

"तुमाला का काळजी, जमादार?"

"मीच घेणार हाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं, हातातला पान्हा खाली ठिवला आन मागं नेलं. कोपऱ्यात जुने पार्ट रचून ठिवलेले. म्हणला, "क्लेमची गाडी असली की इन्शुरन्सचा सर्व्हेअर येऊन बघंपतूर जुनं सामान फेकता येत न्हाय. मालक रोज फोन करतोय, जाळी जाळून टाक म्हणून. मी म्हणलो, जाळली तर क्लेम कटंल. मंग गप बसतो."

जाळी माझ्या हातात दिली. "हे काय हाय?"

"डुकराचे केस," म्या म्हणलं. लिहूनच दिलं व्हतं म्या.

चाचानं एक केस वढला, दोन बोटांत उलटा फिरवला. त्याचा पीळ सुटला. एकाचे बारीक-बारीक धा झाले.

"जमादार, डुक्कर कधी सूत कातून आंगावर घेतं का?"

माझा बाप जल्मभर घोंगडं पांघरून निजला. मी बारका असताना त्याच घोंगड्याच्या दशा वढून मार खाल्लेला. आन ते सूत म्या डुकराचे केस म्हणून सही-शिक्क्यानिशी लिहिलं.

तिथनं मी सरळ ठाण्यात गेलो असं सांगायला बरं वाटलं असतं. गेलो न्हाय. टपरीवर दोन तास बसलो. पंचनामा खोटा निघाला की माझी पेन्शन लटकली. चाचा गप ऱ्हाईल का, ह्याचाबी विचार केला. मंग त्या बाईचं बोलणं ध्यानात आलं, मेंढरं सोडून एक रात ऱ्हात न्हाईत. आता तीन राती झाल्या व्हत्या. उठलो.

आमच्या ठाण्याला फौजदार मॅडम व्हत्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. सगळं सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणल्या, "जाळी पंचांसमक्ष जप्त करा. ह्या वेळेला गॅरेजात जाऊन करा."

गाडीच्या मालकाला आन त्याच्या ड्रायव्हरला ठाण्यात आणलं. दोघांना येगयेगळ्या खोलीत बसवलं. ड्रायव्हरला आधी म्या घेतला. आवाज चढवला, टेबलावर काठी आपटली. काठी माझ्याच बोटावर बसली. त्यो म्हणला, "सायब, तुमीच तर लिहिलंय डुक्कर म्हणून." मी बोट चोखत भाईर आलो.

मंग मॅडम आत गेल्या. त्यांनी माळावरनं त्या बाईला बोलवून घेतलं व्हतं, घरातलं दुसरं घोंगडं घिऊन ये म्हणून. एकाच लोकरीची जोडी विणलेली, नवरा-बायकोची. टेबलावर जाळी ठिवली, शेजारी घोंगडं ठिवलं. बाई दारात उभी ऱ्हायली. मॅडमनी एक सवाल इचारला न्हाय. 

बाईनं जाळीतल्या सुताला हात लावला. मंग ड्रायव्हरला म्हणली, "कुठं हाईत ते, तेवढं सांग."

ड्रायव्हर खाली बसला. "मोरीच्या खाली. उडून पडले. मी उतरून बघितलं, हालत व्हते, सायब. पाणी म्हणले. मालक वरनं म्हणले, माणूस म्हणलं की कोर्ट, गाडी जप्त, क्लेमबी गेला. डुक्कर म्हणायचं. चल."

बाई रडली न्हाय. घोंगड्याची घडी घातली आन गाडीत बसायला निघाली.

मोरीखाली बेशरमाची झुडपं व्हती. त्यातच व्हता. वरनं चार दिवस गाड्या जात-येत व्हत्या. ह्या वेळचा पंचनामा म्या जागेवर बसून लिहिला. अक्षर वाकडं आलं. डॉक्टर म्हणले, लगीच गेलेला न्हाय, बराच येळ जिता असणार. किती येळ, ते नेमकं सांगता येत न्हाय म्हणले. म्या दोनदा इचारलं.

नंतर मालकावर आन ड्रायव्हरवर केस उभी ऱ्हायली. इन्शुरन्सवाल्यांनी गाडीचा क्लेम नाकारला. मालकानं आपल्या खिशातनं गुपचूप दुरुस्ती केली असती तर जाळी पहिल्याच दिवशी भंगारात गेली असती आन कुणाला काय कळलं नसतं. माझी खात्यात चौकशी झाली, वेतनवाढ थांबली, आन गाडी आमच्याच ठाण्याच्या आवारात लिंबाखाली मुद्देमाल म्हणून उभी ऱ्हायली. तोंड तसंच उघडं. रिटायर होईपतूर रोज तिच्या म्होरनं हजेरीला गेलो. पाकिटातल्या जाहिराती म्या चुलीत घातल्या. बायकोनं कांद्याचं नाव पुन्हा काढलं न्हाय.

काय शिकलो म्हणाल, तर जागेवर जायचं. एवढंच. टाचा घासून तेहतीस वर्षं काढली आन शिकलो ते पयल्या म्हैन्यात ट्रेनिंगला शिकवलेलं व्हतं.

साक्षीच्या तारखेला ती बाई कोर्टाच्या भाईर पायरीवर बसलेली. वकिलानं मला आत धुऊन काढलं व्हतं, तरी वाटलं, हिला आपण आपल्या तोंडानं सांगावं. शेजारी बसलो. म्हणलं, "बाई, त्या दिशी मी जागेवर गेलोच न्हवतो. हाटेलात बसून लिहिलं. साडेनऊ-धा वाजले असतील."

तिनं इचारलं, "हाटेलापसनं मोरी किती लांब?"

"चार किलोमीटर."

ती म्हणली, "मोटारसायकलीत तेल न्हवतं का तुमच्या?"