साच्यावर झोपलेला सदस्य

लेबर ऑफिसर ही जात गिरणगावात कुणालाच नको होती. कामगार म्हणत, हा मालकाचा माणूस. मॅनेजर म्हणत, हे सरकारने आमच्या गळ्यात बांधलेलं लोढणं. जॉबरांचा, म्हणजे मुकादमांचा, राग तर मला रास्तच वाटायचा, कारण माणूस कामावर घ्यायचा आणि काढायचा त्यांचा पिढीजात हक्क आमच्या टेबलावर आला होता. त्यात मी राहायला चिंचपोकळीच्या एका चाळीत, जिथे खोलीआड एक माणूस माझ्याच गिरणीत कामाला. सकाळी नळावर बादली घेऊन उभा राहिलो की शेजारचा मालवणी विणकर सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा, "काय सायबानू, आज कोणाक घराक धाडूचा आसा?"

मी हसायचो. समाजकार्याची पदविका होती माझ्याकडे, पण ती नळावर चालत नाही.

म्हणून आम्हा लेबर ऑफिसरांची संघटना काढायची ठरली. लोक आपसातल्या प्रेमापोटी संघटना काढतात असं ऐकून आहे. आम्ही काढली ती सगळे आमचा द्वेष करतात म्हणून, आणि पहिल्याच बैठकीत कळलं की आम्हीही एकमेकांचा करतो.

बैठका रविवारी सकाळी, दादरच्या एका शाळेत, दुसरीच्या वर्गात. गुडघे हनुवटीला लावून आम्ही अधिकारी मंडळी त्या चिमुकल्या बाकांवर बसायचो आणि भांडायचो. पहिलं भांडण नावावरून. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. निम्मे म्हणाले, नावात 'महाराष्ट्र' हवाच. एक गुजराती सहकारी म्हणाला, "आधी राज्य तर होऊ द्या, मग बारसं करा." यावर तीन रविवार गेले. शेवटी ज्यात कुठल्याच गावाचा, शहराचा, राज्याचा उल्लेख नाही असं नाव निघालं, आणि ते कुणालाच आवडलं नाही म्हणून मंजूर झालं.

अध्यक्ष झाले गिरगावातले एक गृहस्थ. आजोबांपासून कचेरीतलं घराणं. पगडी घालत नसत, पण मान अशी धरत की जणू हलली तर पगडी पडेल. त्यांचं आणि लालबागच्या एका गिरणीतल्या आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचं पहिल्या दिवसापासून पटलं नाही. हे ज्येष्ठ गिरणीच्या चाळीतच वाढलेले. वडील सूतखात्यात होते, कारण साच्यांवर, म्हणजे मागांवर, त्यांच्या लोकांना त्या काळी घेत नसत. हा मुलगा शिकून त्याच गिरणीत अधिकारी झाला आणि पुढे बौद्धही झाला. अध्यक्ष त्यांच्या बाकावर कधी बसले नाहीत. बाक लहान आहे म्हणायचे. माझ्या शेजारी मात्र तेवढ्याच बाकावर मावायचे.

मी चिटणीस झालो, कारण माझं अक्षर चांगलं होतं. घटना लिहायचं काम माझ्यावर आलं. पंधरा दिवस मी काही केलं नाही. बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी ऑफिसात घाम फुटला. समोर खणात गिरणीच्या स्टँडिंग ऑर्डर्स पडल्या होत्या, म्हणजे कामगाराने कसं वागायचं आणि न वागल्यास त्याचं काय करायचं याचे छापील नियम. मी त्या काढल्या. 'कामगार' दिसला तिथे 'सदस्य' लिहिलं, 'गिरणी' दिसली तिथे 'संघटना', 'मॅनेजर' तिथे 'अध्यक्ष'. तासाभरात घटना तयार.

रविवारी ती मी खड्या आवाजात वाचली. एकानेही हरकत घेतली नाही. उलट प्रत्येक कलमाला माना डोलत होत्या. कशा नाही डोलणार? हीच वाक्यं आम्ही सगळे रोज कुणा ना कुणा कामगाराला ऐकवत होतो. कानाला ओळखीचं ते शहाणपणाचं वाटतं. अध्यक्ष तर म्हणाले, "भाषेला वजन आहे हो तुमच्या." एवढं कौतुक मला आयुष्यात पुन्हा मिळालं नाही.

पुढे संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ पडला. गिरण्यांचे भोंगे वाजले आणि आत कुणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मालक मंडळींचा हुकूम: गैरहजर होते त्यांना आरोपपत्रं द्या. माझ्या टेबलावर सायक्लोस्टाइल केलेल्या कागदांचा गठ्ठा आला आणि मी, मनातून संयुक्त महाराष्ट्रवादी, सह्या करत सुटलो. कागद वाचले नाहीत. एक सही शेजाऱ्याच्या कागदावर होती.

सकाळी नळावर त्याने माझी बादली उचलली आणि रांगेच्या अगदी शेवटी नेऊन ठेवली. "कागद गावलो, सायबानू. आता तुमी मागे रवा."

रांग एक बादली पुढे सरकली. घरी आलो तर बायको म्हणाली, "अहो, उद्यापासून संध्याकाळचं पाणीही तुम्हीच भरा. मला त्या रांगेत उभं राहायला लाज वाटते."

लालबागच्या ज्येष्ठांनी हुकूम आला त्याच दिवशी आपला गठ्ठा मॅनेजरला परत पाठवला होता. वर चिठ्ठी: 'गैरहजेरीचं कारण सगळ्या मुंबईला ठाऊक आहे. मी चौकशी कसली करू?' मॅनेजरने तोंडी सांगितलं, उद्यापासून येऊ नका. कागद नाही, कारण नाही. नोकरी गेली आणि गिरणीच्या जागेतलं घरही जाणार हे ठरल्यासारखं झालं.

त्यांनी सरकारी कामगार कचेरीत दाद मागितली. सुनावणी पंधरा दिवसांवर. मॅनेजरचं म्हणणं एवढंच, की सगळ्या गिरण्यांत लेबर ऑफिसरांनी मुकाट्याने काम केलं, हा एकटाच हट्टी. म्हणजे आमच्या संघटनेने 'आमच्या सदस्याने केलं ते बरोबर' असं पत्र दिलं तर ते एकटे उरत नव्हते. नाही दिलं, तर घर-नोकरी दोन्ही गेलं.

त्या रविवारी ते वर्गात आले तेव्हा अध्यक्ष घटना हातात घेऊन उभेच होते.

"क्षमा करा," अध्यक्ष म्हणाले, आणि क्षमेचा सूर कुठेच नव्हता. "कलम अकरा. 'ज्याची नोकरी सुटेल त्याचे सदस्यत्व त्याच दिवशी संपेल व त्यास आवारात प्रवेश राहणार नाही.' आपल्याला इथे बसता येणार नाही. मग पत्राचा प्रश्नच येत नाही."

ज्येष्ठांनी हात पुढे केला. "बघू." कागद घेतला, वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग माझ्याकडे वळले.

"चिटणीस, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"लिहिलंत की उतरवलंत?"

त्यांनी पान उलटलं आणि मी वाचलं होतं त्यापेक्षाही खड्या आवाजात वाचलं, "कलम सतरा. 'साच्यावर झोपलेला आढळल्यास सदस्यास तात्काळ कमी करण्यात येईल.' कुठल्या साच्यावर झोपायचं म्हणता, अध्यक्ष महाराज? तुमच्या की माझ्या?"

वर्ग हसला, ते हसणं मला आजही ऐकू येतं. त्यात आनंद नव्हता. अध्यक्षांचा चेहरा तांबडा झाला. "म्हणजे यांनी आम्हाला गिरणीतल्या कामगारांचे नियम लावले? आम्हाला?"

"लावले, आणि तुम्ही माना डोलवल्यात," ज्येष्ठ म्हणाले. "आमच्या वडलांना हेच वाचून दाखवून घरी पाठवलं होतं. त्यांना निदान वाचता येत नव्हतं."

मागून आवाज आला, "चिटणिसाला काढा!" दुसरा, "आत्ताच काढा!" ठराव मांडलाही गेला. आणि इथे मी जे केलं ते ज्येष्ठांसाठी केलं असं मी बरीच वर्षं सांगत असे. खरं सांगतो, स्वतःसाठी केलं. बुडताना मी त्याच कागदाला धरलं.

"काढता येणार नाही!" मी ओरडलो. "कलम एकवीस! 'लेखी आरोपपत्र देऊन बाजू मांडू दिल्याशिवाय कोणत्याही सदस्यास कमी करता येणार नाही.' मलाही नाही." आणि तोंडातून निघून गेल्यावर मला कळलं मी काय म्हणालो ते. "आणि... यांनाही नाही. चौकशी पुरी होईपर्यंत हे सदस्यच."

अध्यक्ष म्हणाले, "मग द्या आरोपपत्र! आत्ता द्या!"

मी फळ्यासमोर उभं राहून ते लिहिलं. आरोप: नोकरी सुटणे. ज्येष्ठांनी कागद घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि थंडपणे म्हणाले, "अक्षर लागत नाही. स्वच्छ प्रत मिळेपर्यंत तहकुबी मागतो."

माझं अक्षर हा माझा एकमेव गुण होता. पण वर्गातला प्रत्येक माणूस रोज चौकश्या चालवणारा. प्रत नीट नसेल तर तहकुबी द्यावीच लागते हे सगळ्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. हात आपोआप वर गेले. मग पत्राचा ठराव आला, चार हात जास्त पडले आणि तो झाला. अध्यक्ष सही करणार नाही म्हणाले. कुणीतरी घटना पाहिली: पत्रव्यवहार चिटणीस करील. म्हणजे मी. आरोपपत्रांवर सह्या करणाऱ्या त्याच हाताने मी लिहिलं, की हरताळाच्या दिवसाची आरोपपत्रं देणं हे लेबर ऑफिसराचं काम नाही.

माझ्या मॅनेजरने बोलावलं. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी. "यातली खरी सही कुठली तुझी?"

"दोन्ही, साहेब."

"वाचून करतोस का?"

माझं टेबल कापडाच्या गोदामाशेजारी हललं, तिथे पंखा नव्हता, आणि निवृत्त होईपर्यंत ते तिथेच राहिलं.

सुनावणीत गिरणीचा पहिलाच मुद्दा, हा गृहस्थ कुठल्याच संघटनेचा सदस्य नाही. ज्येष्ठांनी माझं आरोपपत्र पुढे केलं: सदस्य नाही तर चौकशी कुणाची चालू आहे? महिन्याभरात ते कामावर परत आले. घर राहिलं. त्या निकालानंतर सगळ्याच गिरण्यांनी हरताळाचे कागद गुपचूप गुंडाळले. शेजाऱ्याच्या बायकोने नवऱ्याचा तो कागद फळीवर डाळीच्या डब्याखाली अंथरला, माझी सही वर येईल असा. नळावर माझी बादली मात्र शेवटीच राहिली.

मला वाटलं ज्येष्ठ निदान आभार मानतील. पुढच्या रविवारी ते आले आणि उभे राहून म्हणाले, "चिटणिसांना आरोपपत्र द्यावं असा माझा ठराव आहे. आरोप: समोरचा कागद न वाचता उतरवणे व न वाचता सही करणे." अध्यक्षांनी अनुमोदन दिलं. त्या दोघांचं एकमत झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. संघटनेचा पहिला एकमताचा ठराव तो.

मी लगेच म्हणालो, "आरोप मान्य." मान्य केलं की चौकशी संपते, ताकीद मिळते आणि विषय मिटतो, हे मलाही ठाऊक होतं.

"मान्य करून सुटता काय?" ज्येष्ठ म्हणाले. चौकशी अधिकारी तेच नेमले गेले होते. "कबुली दबावाखाली दिलेली दिसते. चौकशी चालेल. आज तहकूब."

संघटना वाढली. दुसरीच्या वर्गातून हॉलमध्ये गेली, गिरण्यांबाहेरचे, औषध कंपन्यांतले, बँकांतले लोक आले, आमच्या हुद्द्याचं नावही दोनदा बदललं. घटना नवी झाली. मला एकदा अध्यक्ष करायचं घाटत होतं, तेव्हा कुणीतरी जुनं इतिवृत्त काढून दाखवलं, की यांच्यावर चौकशी चालू आहे. दर वार्षिक सभेला ज्येष्ठ पहिल्या रांगेत येऊन बसायचे, शेवटचा विषय, म्हणजे माझी चौकशी, पुकारला की उठायचे, माझ्याकडे बघायचेही नाहीत, आणि म्हणायचे, "तहकूब."