आमची बोली फोनला शिकवताना

कर्नाळ्याच्या पायथ्याशी, हायवेला लागून आमची कातकरवाडी आहे. वाडीत बी.ए. झालेली मी पहिली. त्यामुळेच पनवेलच्या एका संस्थेने मला कामाला घेतलं. वाडीतल्या माणसांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचं आणि त्याचा अर्थ मराठीत लिहून द्यायचा, एवढंच काम. त्यावरून मशीन आमची बोली शिकणार होतं. मग दवाखान्याचं, रेशनचं काहीही आपल्या बोलीत विचारायचं आणि फोन आपल्या बोलीत सांगणार. मुलाखतीहून परत येताना मी एसटीत खिडकीकडे तोंड करून रडले होते. शाळेत याच बोलीवरून पोरं मला हसायची.

सगळ्यात जास्त बोलली माझी आई. खाडीच्या चिखलात हात घालून चिंबोरी कशी ओढायची, माझ्या वेळी ती वीटभट्टीवर कशी बाळंत झाली, सगळं. रेकॉर्डिंग चालू आहे हे विसरून ती हसायची, मुकादमाला शिव्या घालायची.

ऑफिसातून सरांचा फोन यायचा. "ताई, मागे ट्रकचा आवाज फार येतोय. शांत जागी बसून करा ना."

"सर, वाडी हायवेवर आहे. शांत जागा कुठून आणू?"

मग मी माणसांना ऑफिसात न्यायला लागले. स्टँडजवळची एसी खोली, भिंतींना स्पंज लावलेला. माणसं खुर्चीच्या कडेला टेकायची आणि गप्प व्हायची. हेडफोन लावल्यावर आईनेही माझ्याकडे असं पाहिलं, जसं सुईआधी लेकरू पाहतं. शेवटी ती बोलली, पण मोडक्यातोडक्या मराठीत. साहेबांपुढे तिला आपली बोली सुचेचना. दिवाळीनंतर अर्धी वाडी भट्ट्यांवर गेली आणि काम तिथेच थांबलं.

काही महिन्यांनी ॲप आलं. आईच्या छातीत जळजळ होत होती. मी फोन तिच्यापुढे धरला. तिने आपल्या बोलीत विचारलं.

"माफ करा, मला समजलं नाही. कृपया पुन्हा बोला," फोन म्हणाला.

ती सावकाश बोलली. मग बहिऱ्याशी बोलावं तशी ओरडून बोलली. तिसऱ्यांदा तेच ऐकल्यावर फोन माझ्याकडे ढकलत म्हणाली, "याला तूच शिकवलंस ना?"

मी सरांना फोन केला. ते नेहमीसारखेच गोड बोलले. "ताई, तुमच्या बोलीचा डेटा कमी पडला. मराठी मात्र एकदम मस्त चालतंय. लोकांना मराठीत विचारायला शिकवा ना, त्यासाठी तुमचं काम पुढे चालू ठेवू."

मी नाही म्हटलं. निदान आईचं रेकॉर्डिंग तरी द्या म्हटलं. तर म्हणाले, गोंगाटाच्या फाइल कधीच काढून टाकल्या.

पण शिकवायला कोणी लागलंच नाही. वाडी आपोआप शिकली. दारात बसून आई फोनला मराठीत विचारायची, चुकली की पुन्हा म्हणायची, आणि त्याने नीट उत्तर दिलं की तिचा चेहरा फुलायचा. भावाची मुलगी मध्येच आपल्या बोलीत बोलली की तिला दटावायची, "नीट बोल, त्याला कळत नाय." मला तिच्यावर रागावताही येईना. दवाखान्याची बाई कधी येणार हे तिला खरोखरच कळत होतं.

परवा संध्याकाळी ती चुलीशी बसली होती. मी आपल्या बोलीत विचारलं, जेवलीस का?

"हो, जेवली मी," ती मराठीत म्हणाली.

तिच्या ते ध्यानातही आलं नाही. मी पुन्हा आपल्या बोलीत विचारलं, काय केलं होतंस?

"भात आणि सुकट केला होता," ती एकेक शब्द सुटा करत म्हणाली, फोनला सांगते तशी.