बाईंच्या गळ्यातली टेप

आमच्या संपादकबाई जेवतानाही गळ्यातली मापाची टेप काढत नसत. चिंचवडला एका छापखान्यामागच्या खोलीतून त्या शाळकरी मुलींसाठी फॅशनचं मासिक काढत. अंकात कपडा बेतायचा घडीचा कागद असे, आणि तो कपडा आधी माझ्या अंगावर चढे. मी चौदा वर्षांची, काळेवाडीतल्या कामगाराची मुलगी. "तुला बसला की सगळ्यांना बसला," असं तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणायच्या.

बाईंना उसंत अशी नव्हतीच. मुलींना झालरी नकोशा झाल्या, की यांनी झालरी उसवल्या. मॅक्सी आली, की मॅक्सी बेतली. "दमले गं या पोरींच्या मागे धावून," म्हणायच्या आणि पुन्हा कात्री उचलायच्या.

मी वाढतेय, हे मात्र दोघींच्याही ध्यानात आलं नाही. मी साडी नेसू लागले तशी मासिकात ब्लाउजची पानं आली, मग शालूची. अंकांचे गठ्ठे परत येऊ लागले. दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर बंद, असं मासिकाच्या मालकांनी सांगून टाकलं.

बाई मला घेऊन काळेवाडीतल्या पेपरवाल्याकडे गेल्या. एक शाळकरी पोर आमचा अंक चाळून परत ठेवत होती.

"का गं, नाही आवडला?"

"चांगला हाय की. पण ह्यो ताईसाठी हाय. आमाला बेलबॉटम पायजे."

बाई माझ्याकडे वळल्या. "वाचणाऱ्या पोरी चौदाच्याच राहतात गं. वाढलीस ती तू." मग त्या पोरीला म्हणाल्या, "आईला विचारून उद्या येशील?"

बेलबॉटम तिच्या मापाचा निघाला, आणि मासिक तगलं. मी शेजारी बसून टाचण्या पुरवत होते. फार लागलं मला ते.

पुढे तीही वाढली, दुसरी आली. मग रेडीमेड आलं आणि बेतायचा कागद कुणी उघडेना. तो बंद करा, असं बाईंनीच मालकांना सांगितलं आणि खुर्ची मला दिली. "त्यांना काय हवं ते मला कळेनासं झालंय. तुला अजून थोडं कळतं. तुझंही संपेल."

निघायच्या दिवशी त्यांनी मला उभं करून दंड, पाठ, छाती मोजली.

"आता कुठल्या अंकासाठी, बाई?"

"कुठल्याच नाही. इतकी वर्षं तुझ्या अंगावर साऱ्या गावच्या पोरींचे कपडे बेतले. तुला म्हणून एक शिवला नाही."

त्यांनी शिवून दिलेला तो ब्लाउज आता मला होत नाही. टाकवतही नाही.