शिऱ्याचा द्रोण

मामा छपाईचे खिळे जुळवता जुळवता मध्येच थांबत, सदऱ्याच्या खिशातून गुळाचा खडा काढून तोंडात टाकत आणि म्हणत, "थांब जरा, चुलीत लाकूड सारतो." मग त्यांची बोटं पुन्हा अक्षरांच्या खणांवरून पळू लागत.

ठाण्यातल्या एका छापखान्यात ते कंपोझिटर होते आणि मी प्रुफं तपासत असे. स्वातंत्र्यानंतरची ती पाच-सात वर्षं. मामा माजिवड्याचे, आगरी. वडिलांचा जन्म मिठागरात गेला. मामा चार बुकं शिकून शिशाच्या अक्षरांत आले. सगळे त्यांना मामाच म्हणत. समोर शेकड्यांनी खण, पण त्यांची नजर गप्पा मारत माझ्याकडे, आणि हात मात्र बरोबर त्या त्या अक्षरावर पडे. चूक शोधून सापडत नसे. मग प्रुफं तपासणाऱ्याला पगार कशाला द्यायचा, असं मालकाला वाटू नये म्हणून मीच एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे करत असे.

काही सकाळी मात्र त्यांचं काहीतरी बिघडे. माजिवड्याहून ते उपाशीपोटी चालत येत. दाराशी पोचत ते घामाने भिजलेले, जीभ जड, मला ओळखतसुद्धा नसत. बळेबळे गूळ चारला की पाच-दहा मिनिटांत माणूस ठिकाणावर. वर मलाच विचारत, "काय रे, असा काय बघतोस?"

ते दारूबंदीचे दिवस होते. एकदा वाटेत खोपट भागात झोकांड्या खाताना हवालदाराने त्यांना धरलं आणि तोंडाचा वास घेतला. वास गुळाचा. गावठी दारू गुळाचीच, त्यामुळे त्याचा संशय आणखी बळावला. मी चौकीतून सोडवून आणलं तेव्हा मामा म्हणाले, "प्यायलो असतो तर बरं झालं असतं रे. दोन घटका मजा तरी आली असती." छापखान्यात त्यावर आम्ही आठवडाभर हसलो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

मामींचा देवाला कौल लावून झाला, अंगारा झाला. शेवटी आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी हेरलं, की हे उपाशीपोटीच होतं आणि गोड खाल्लं की जातं. पोटातल्या स्वादुपिंडात एखादी बारीक गाठ असावी, ती भलताच रस सोडते आणि त्यापायी रक्तातली साखर संपते, असं त्यांनी मला कागदावर चित्र काढून सांगितलं. हजारो रोग्यांत एखाद्यालाच होते, म्हणाले. पण कापून काढली की माणूस खडखडीत बरा. मात्र पोट उघडण्याआधी खात्री हवी. त्यासाठी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात मामांना दोन दिवस उपाशी ठेवायचं आणि झटका येताच रक्त तपासायचं, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भेटायला गेलो. सकाळीच आमच्या घरी सत्यनारायण झाला होता. पडून होते म्हणून मामांनी तोवर निभावलं होतं, पण आता चेहरा पांढराफटक पडला होता, कपाळावर घाम, हात थरथरत होते. माणसाला अन्नावाचून ठेवतात, ही कसली विद्या! मी शिऱ्याचा द्रोण पुढे केला. "मामा, प्रसाद." त्यांनी द्रोण कपाळाला लावला आणि सगळा शिरा खाल्ला. प्रसाद म्हणजे काही जेवण नव्हे. तुम्ही तरी त्या जागी दुसरं काय केलं असतं?

थोड्या वेळाने नर्स आली. "काही खाल्लं नाही ना, बाबा?"

"नाही हो बाई," मामा म्हणाले. खोटं बोलायचं त्यांच्या मनातही नव्हतं. मी शेजारीच उभा होतो. रिकामा द्रोण माझ्या खिशात होता, तोही प्रसादाचं पान कुठेही टाकू नये म्हणून.

रक्तात साखर भरपूर निघाली. संध्याकाळपर्यंत झटका आला नाही. मोठ्या डॉक्टरांनी गाठीची शंका खोडून टाकली आणि मज्जातंतूंचा अशक्तपणा म्हणून टॉनिकची बाटली देऊन घरी पाठवलं. "सत्यनारायण पावला रे," मामा वाटभर म्हणत होते.

आठ महिन्यांनी एका पहाटे ते छापखान्याच्या वाटेवर पडले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दारुडा वाटला, कोणी हात लावला नाही. ऊन माथ्यावर आलं तेव्हा कुठे कोणीतरी ओळखलं. इस्पितळात शिरेतून साखर दिली, तरी शुद्धीवर यायला चार दिवस लागले. आता रक्ताचा आकडा पाहून कोणालाच शंका उरली नव्हती. पोट उघडलं, गाठ काढली. सर्जनांनी ती मला बाटलीत दाखवली. हरभऱ्याएवढी.

"सहज निघाली," ते म्हणाले. "मागच्याच वेळी काढता आली असती. तेव्हा तपासात कशी सापडली नाही, कळत नाही. नक्की काही खाल्लं नव्हतं ना त्यांनी?"

मला द्रोण आठवला. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही.

झटके कायमचे गेले. पण इतका वेळ साखरेवाचून राहिलेला मेंदू सावरला नाही. मामा मला ओळखत, जुनं सगळं सांगत. आजचं मात्र उद्या आठवत नसे. स्वच्छ सदरा घालून ते रोज छापखान्यात येत आणि खणांसमोर उभे राहत. हात उचलला जाई, पण कुठे न्यायचा ते त्याला कळत नसे. मालक भला, येऊ देई.

एका दुपारी मी त्यांना सगळं सांगून टाकलं. मामा हसले. "वेडा का तू? देवाचा प्रसादच दिलास ना?" त्या दिवशी घरी जाऊन मी पोटभर जेवलो. दुसऱ्या दिवशी त्यांना यातलं काही आठवत नव्हतं. ज्याने माफ केलं त्यालाच ठाऊक नाही, अशी माफी मला पचेना. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा माफ केलं.

तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. दोन्ही हात पुढे धरून उलटसुलट करून पाहत राहिले. "म्हणजे हे तुझ्यामुळे?" एवढंच म्हणाले आणि हुंदके देऊन रडू लागले. मी पाय धरले. त्यांनी ते ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे आले, माझ्याजवळ बसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "काय रे, तोंड का असं उतरलंय? कोणी काही बोललं का तुला?"