विमलताईंच्या कथेचं शेवटचं पान

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं बायको म्हणते. खरंच आहे ते. तरी ही एक गोष्ट सात वर्षं आत राहिली आहे — तिलासुद्धा सांगितलेली नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा मी निवृत्त झालोय आणि सकाळ सरता सरत नाही, म्हणूनही असेल.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होतो. दुसऱ्याच्या कामात खोट काढायची, हीच नोकरी. शिवाय माझा आवाज चांगला आहे — हे मी नाही, लोक म्हणतात. मीही म्हणतो, पण मनात. कंपनीत सुरक्षा सप्ताहाची शपथ मीच द्यायचो. त्यामुळे आमच्या लेखक मंडळातही वाचायचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

मंडळ म्हणजे आम्ही दहा-बारा जण. भोसरीत एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत, महिन्यातल्या एका रविवारी जमायचो. आमची एक पद्धत होती. कागदावर नाव घालायचं नाही. सगळं एका कापडी पिशवीत टाकायचं आणि मी एकेक काढून वाचायचं. चर्चा संपेपर्यंत लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. मग हवं तर उभं राहून म्हणायचं — हे माझं. लिहिणारा साहेब आहे की हेल्पर, हे कळू नये आणि कुणी भिडेखातर वाहवा करू नये, म्हणून हा घाट.

विमलताईंचा कागद मात्र माझ्यापासून लपायचा नाही. त्या मूळच्या जालन्याकडच्या, मोशीत राहायच्या, वायरिंगच्या एका कंपनीत कंत्राटावर होत्या. तिथे रद्दीत निघालेल्या चेकशीटच्या, म्हणजे माल तपासल्याच्या छापील तक्त्यांच्या, कोऱ्या बाजूवर त्या लिहायच्या. बाकीच्यांना ते कळत होतं का, ठाऊक नाही. मी जन्मभर चेकशीट भरलेल्या — मला नाही कळणार?

त्या रविवारी विषय होता डबा. माझीही कथा पिशवीत होती. ती आधी निघाली आणि मी ती अशी काही वाचली की माझेच डोळे भरून आले. सगळे खूश झाले. मग ताईंची निघाली.

एका माणसाची नोकरी गेलेली असते. तो घरी सांगत नाही. रोज युनिफॉर्म घालून, बायकोने दिलेला डबा घेऊन निघतो आणि बागेत बसून शिफ्ट संपायची वाट बघतो. पहिल्याच पानावर मला कळलं — हे माझ्यापेक्षा चांगलं आहे. थोडंसं नाही, खूप. मी माझ्या डब्यावर चार पानं रडलो होतो. हिच्यात कुणी रडतच नव्हतं. मला राग आला. कुणाचा? त्या बाईंचा. खोटं कशाला बोलू?

तर मी ती कथा वाईट वाचली. ठरवून. दमलेल्या कंडक्टरने थांब्यांची नावं घ्यावीत, तशी. वाक्यं मध्येच तोडली, थांबायचं तिथे पळालो. तरी लोक ऐकतच होते. मग मी शेवटच्या पानावर नजर टाकली. त्यात बायको दुपारी त्याच बागेत येते, स्वतःच्या कंपनीच्या युनिफॉर्ममध्ये, आणि त्याच्या शेजारी बसून आपला डबा उघडते. तिचंही काम महिन्यापूर्वीच सुटलेलं असतं. ते पान मी वाचलंच नाही. बाकीच्या कागदांखाली सरकवलं आणि म्हणालो, "संपली."

"शेवट कुठाय राव हिला?" एक जण म्हणाला. दुसऱ्याचं म्हणणं पडलं, नुसता प्रसंग आहे, कथा काही होत नाही. मी मान डोलावली. वर अनुभव आणि कला यांतल्या फरकावर दोन शब्दही बोललो — माझ्याने बोलवलं कसं? ताई समोरच बसल्या होत्या, नियमाप्रमाणे गप्प. "कुणाची ही?" असं विचारलं, तेव्हाही त्या उठल्या नाहीत. जाताना ज्याचे कागद त्याने टेबलावरून उचलायचे असत. त्यांनी आपले सगळ्यांत शेवटी उचलले.

पुढच्या महिन्यापासून त्या आल्या नाहीत. ओव्हरटाइम असेल, कुणीतरी म्हणालं. असेल, मीही म्हणालो. मी राहतो दिघीला. तिथून मोशी ती कितीशी लांब? गेलो नाही. मंडळात सांगितलं का? तेही नाही.

मागच्या वर्षी मोशीच्या भाजीबाजारात त्या दिसल्या. मी मेथी बघत होतो. त्यांनीच हाक मारली, तब्येत विचारली. मी विचारलं, लिहिता का हल्ली. "न्हाई आता," त्या सरळ म्हणाल्या. जुडी पिशवीत घातली, थोडं थांबल्या.

"सर, त्या दिवशी तुमचा घसा बसला व्हता का? शेवटचं पान राहून गेलं, म्हनून इचारते."

सहा वर्षं त्या बाईंनी माझ्यासाठी कारण शोधून ठेवलं होतं. मी ते घेतलं. म्हणालो, "हो ताई, फारच बसला होता."

"तेच म्हनलं मी," त्या म्हणाल्या. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

माझा घसा ठणठणीत होता.